लॉग : पाण्यात टाकलेली फळी

सरकारी जीप असो की कार्यालयानं भाड्यानं घेतलेली बोलेरो, ड्रायव्हरच्या शेजारच्या कप्प्यात कोपरे दुमडलेली एक लांबट वही असतेच. तारीख, कुठून कुठे, निघतानाचं मीटर, पोचल्यावरचं मीटर, कामाचं स्वरूप आणि शेवटच्या रकान्यात साहेबांची सही. या वहीचं नाव लॉगबुक. विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर दर तासाला व्होल्टेज आणि अँपिअरचे आकडे टिपतो, ती लॉगशीट. अकरावीच्या प्रवेशासाठी मुलगी सायबर कॅफेत बसून करते ते लॉगिन. आणि पुण्यातले निवृत्त काका रोज सकाळी चहाबरोबर लिहितात तो ब्लॉग.

आता शब्दकोश उघडून लॉगचा अर्थ पाहा. पहिलाच अर्थ मिळतो, ओंडका. तोडलेल्या झाडाचा जाड तुकडा. जीपच्या मीटरचा, विजेच्या दाबाचा आणि काकांच्या प्रवासवर्णनाचा ओंडक्याशी संबंध काय?

संबंध एका दोरीचा आहे. ती दोरी जहाजाच्या पिछाडीला बांधलेली होती.

किनारा दिसेनासा झाला की आपण कुठे आहोत हे कळायला जुन्या दर्यावर्दींकडे फार थोडे उपाय होते. सूर्याच्या किंवा ध्रुवाच्या उंचीवरून उत्तर-दक्षिण किती आलो ते कळे. पूर्व-पश्चिमेचा हिशेब मात्र अंदाजानं. अठराव्या शतकात जहाजावर भरवशाची घड्याळं येईपर्यंत गणित साधंच होतं: होकायंत्रावरून दिशा घ्यायची, वेग काढायचा, त्याला वेळेनं गुणायचं आणि कालच्या खुणेपासून नकाशावर रेघ ओढायची. दिशा होकायंत्र सांगे, वेळ वाळूचं घड्याळ सांगे. वेग कोण सांगणार? समुद्राला मैलाचे दगड नसतात. कोलंबससारखा कसलेला माणूससुद्धा 1492 साली बाजूनं सरकणाऱ्या फेसाकडे पाहून वेगाचा अंदाज बांधत होता.

फेसापेक्षा बरा उपाय लाकडाचा. जहाजाच्या पुढच्या टोकावरून एक लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचा आणि मागचं टोक त्याच्यापाशी यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. लाकूड पाण्यात जागच्या जागी राहतं, पुढे जातं ते जहाज. जहाज 100 फूट लांब असेल आणि 10 सेकंद लागले, तर वेग सेकंदाला 10 फूट, म्हणजे तासाला जवळजवळ 6 सागरी मैल. युक्ती चांगली, पण अंतर फार तोकडं. मोजणाऱ्याचं एका सेकंदानं चुकलं की उत्तर दहा टक्क्यांनी चुकलं.

मग कुणाला तरी सुचलं की लाकडाला दोरी बांधावी. कुणाला, त्याचं नाव इतिहासात नाही. ग्रेव्हसेंडच्या विल्यम बोर्न यानं 1574 साली छापलेल्या ‘अ रेजिमेंट फॉर द सी’ या नौकानयनाच्या पुस्तकात या साधनाचं वर्णन पहिल्यांदा येतं. इंग्रजांनी त्याला सरळ लॉग म्हटलं. पुढे फ्रेंचांनी हाच शब्द लोक असा उचलला, रशियनांनी लाग असा.

हा लॉग पुढे नावापुरताच ओंडका राहिला. त्याची झाली होती एक पातळ फळी, पोळीच्या चतकोराच्या आकाराची. गोल कडेला शिसं ठोकलेलं, त्यामुळे पाण्यात ती टोक वर करून उभी राही आणि पाण्याला अडून बसे. तिच्या तीन कोपऱ्यांना तीन दोऱ्या बांधून त्या पुढे एकत्र केलेल्या. पतंगाला कणी बांधतात, तसाच हा प्रकार. उपमा मुद्दाम देतोय, कारण पुढचं सगळं काम पतंगबाजाला एका वाचनात समजेल. एक खलाशी फिरकी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा. दुसरा, बहुधा पोरगेलासा, हातात वाळूचं घड्याळ घेऊन. तिसरा अधिकारी, तो फळी पाण्यात सोडतो आणि ढील देतो. जहाजाच्या मागे उसळलेलं पाणी फळीला ओढतं, म्हणून पहिली काही वाव दोरी हिशेबात धरत नाहीत. ती संपते तिथे एक चिंधी बांधलेली असते. चिंधी कठड्यावरून गेली की अधिकारी ओरडतो आणि पोरगा घड्याळ उलटं करतो. फिरकी खडखडत सुटते. वाळू संपते, पोरगा ओरडतो, अधिकारी दोरी करकचून धरतो. त्या हिसक्यानं तीनपैकी एका दोरीची खुंटी निसटते, फळी पाण्यावर आडवी होते आणि अलगद ओढून घेता येते. खुंटी नसती, तर दर तासाला त्या उभ्या फळीशी कुस्ती करावी लागली असती.

दोरीत ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळू संपेपर्यंत किती गाठी हातातून गेल्या, तोच जहाजाचा वेग. इंग्रजीत गाठ म्हणजे नॉट. सात गाठी गेल्या तर सात नॉट. गुणाकार नाही, भागाकार नाही. सगळं गणित दोरी वळतानाच करून ठेवलेलं.

ते असं. सागरी मैल 6080 फुटांचा धरला आणि घड्याळ 28 सेकंदांचं, तर एका तासाचे 3600 सेकंद आणि 28 सेकंद यांचं जे प्रमाण, तेच 6080 फूट आणि दोन गाठींमधलं अंतर यांचं हवं. उत्तर येतं 47 फूट 3 इंच. ब्रिटिश जहाजांवर पुढे हेच माप रूढ झालं. जहाज फार वेगानं जात असेल तर 14 सेकंदांचं घड्याळ घेत आणि गाठी दुप्पट करत.

या मापापर्यंत यायला मात्र बराच काळ गेला. आधीच्या नाविकांचा मैल 5000 फुटांचा होता आणि अर्ध्या मिनिटाच्या घड्याळाला ते 42 फुटांवर गाठ मारत. पृथ्वी प्रत्यक्षात मोठी निघाली. रिचर्ड नॉरवूड या गणितज्ञानं 1630च्या दशकात लंडन ते यॉर्क अंतर मोजलं, काही साखळीनं आणि काही चक्क पावलांनी. सूर्याच्या उंचीवरून त्यानं दोन्ही गावांचे अक्षांश काढले आणि 1637 साली पुस्तकात सांगितलं की पृथ्वीवरचा एक अंश 367200 फुटांचा आहे. सागरी मैल म्हणजे या अंशाचा साठावा भाग, म्हणून साठानं भागलं की मैल 6120 फुटांचा होतो. आजच्या मापाच्या हे फार जवळ आहे. म्हणजे नाविकांची दोरी खोटं बोलत होती, आणि तेही थोडंथोडकं नाही. जहाज खऱ्यापेक्षा पाचव्या हिश्शानं जास्त पळतंय असं ती दाखवत होती.

जुन्या कप्तानांना हे पटलं, तरी त्यांनी दोरी बदलली नाही. त्यांचं म्हणणं असं, की हिशेबात किनारा आधी यावा आणि खरा किनारा नंतर यावा, यातच शहाणपण आहे. उलटं झालं तर जहाज रात्री खडकावर जायचं. काहींनी दोरी तशीच ठेवून घड्याळातली वाळू तेवढी कमी केली. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवणाऱ्या घरात वाढलेल्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल.

गाठी मोजून झाल्या की आकडा लिहायचा. डेकवर कागद टिकत नाही, म्हणून लाकडी पाटी, पुस्तकासारखी मिटणारी, काळी रंगवलेली. तिला लॉग-बोर्ड म्हणत. तिच्यावर खडूनं रकाने आखलेले: तास, नॉट, फॅदम, दिशा, वारा. पूर्ण गाठ भरली नाही तर उरलेला भाग फॅदममध्ये. फॅदम म्हणजे दोन्ही हात फैलावल्यावर होणारं अंतर. कोकणातल्या मच्छीमाराला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच्याकडे तेच माप वाव या नावानं आहे आणि समुद्राची खोली तो आजही वावांत सांगतो. इंग्रजीत फॅदमचं पुढे क्रियापद झालं, एखाद्या गोष्टीचा ठाव घेणं या अर्थाचं. आपणही एखाद्याच्या मनाचा थांग लागत नाही म्हणतो, तेव्हा पाण्यातच बुडी मारलेली असते.

दुपारी बाराला समुद्रावरचा दिवस बदले. पाटीवरचे चोवीस तासांचे आकडे वहीत उतरवायचे, पाटी पुसायची, पुन्हा खडू. ती वही म्हणजे लॉगबुक. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द इंग्रजी लिखाणात दिसू लागतो. शब्दानं आपली पहिली मोठी उडी मारली ती इथे. फळीचं नाव फळीनं दिलेल्या आकड्याला चिकटलं, आकड्याचं वहीला. मग त्या वहीत वेगाशिवाय बाकी सगळंच शिरलं: वारा, पाऊस, दिसलेलं बेट, मेलेला खलाशी, सडलेला बिस्किटांचा डबा. लॉग करणं हे क्रियापद झालं. व्यापारी जहाजांवर खलाशाला लॉग केलं म्हणजे त्याचा गुन्हा वहीत चढवून पगार कापला. भारताच्या 1958च्या मर्चंट शिपिंग कायद्यातही या अधिकृत लॉगबुकासाठी वेगळी कलमं होती.

पाटी आणि वही यांतलं अंतर किती बोलकं असू शकतं, ते ‘मेरी सेलेस्ट’ या जहाजावर दिसलं. न्यूयॉर्कहून जिनोआला निघालेलं हे जहाज डिसेंबर 1872मध्ये अटलांटिक महासागरात भरकटताना सापडलं. त्यावर एकही माणूस नव्हता. वहीतली शेवटची नोंद 24 नोव्हेंबरची. पाटीवरची मात्र 25 नोव्हेंबरच्या सकाळी आठची, अझोर्समधल्या सांता मारिया बेटाजवळची. ती वहीत उतरवायची दुपार त्या जहाजावर आलीच नाही. माणसं केव्हा गेली याचा अंदाज बांधायला खडूचे ते आकडे कामी आले. कुठे गेली, ते आजतागायत कळलेलं नाही.

आणि ज्यांना आपण काय लिहून ठेवतोय याची कल्पना नव्हती, त्यांचेही आकडे कामी आलेच. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची लॉगबुकं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या वाटेवर त्यांतल्या काही कप्तानांनी वाऱ्यासोबत तापमान आणि हवेचा दाबही रोज टिपला. हवामानाच्या अभ्यासकांनी 1789 ते 1834 या काळातल्या जवळजवळ 900 वह्यांमधून हे आकडे काढून संगणकावर चढवले. मोकळ्या समुद्रावर त्या काळी काय हवा होती, हे सांगणारं दुसरं फारसं काही नाही. मसाले आणि कापड मोजायला निघालेल्या कंपनीनं न मागता केलेलं हे एक चांगलं काम.

इथे जरा थांबून घोटाळा निस्तरायला हवा, कारण लॉगची काही तोतया भावंडं आहेत. बारावीच्या परीक्षेत मिळतं ते लॉग टेबल या घराण्यातलं नाही. तो लॉगरिदम, जॉन नेपियरनं 1614 साली ग्रीक शब्द जोडून बनवलेला. लॉजिक आणि लोगो यांच्या गोतातला. बॅकलॉगची गोष्ट जास्त गमतीची. हा लॉग खरंच ओंडका आहे, पण समुद्रावरचा नव्हे, चुलीतला. थंड देशात शेकोटीच्या मागच्या बाजूला एक जाडजूड लाकूड सरकवून ठेवत, रात्रभर धुमसत राहणारं. म्हणजे मूळचा बॅकलॉग ही शिल्लक होती, हाताशी असलेला साठा. व्यापारात त्याचा अर्थ हाती असलेल्या, पण अजून पुरवायच्या राहिलेल्या मागण्या असा झाला आणि साठ्याची बाकी झाली. महाराष्ट्रात तो आला तो थेट अनुशेष होऊन. वि. म. दांडेकर समितीनं 1984च्या अहवालात विदर्भ-मराठवाड्याचा विकासाचा अनुशेष मांडला, तेव्हापासून तो विधिमंडळात आहे. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या गुणपत्रिकेत तो त्याहून जास्त वेळा येतो. उबेसाठी ठेवलेल्या लाकडाचं इतकं वाईट अन्यत्र कुठे झालं नसेल.

पुन्हा वहीकडे येऊ. जहाजाची वही विमानात गेली, इंजिनरूममध्ये गेली, प्रयोगशाळेत गेली, ट्रकमध्ये गेली. जिथे जिथे पाळीपाळीनं माणसं बदलतात आणि यंत्र चालू राहतं, तिथे तिला काम मिळालं. विसाव्या शतकाच्या मध्यावर संगणक आले, तेही असंच यंत्र. खोलीएवढं, महागडं, एका वेळी एकाच्या ताब्यात. 1961 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक एकाच वेळी अनेकांना वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखवली. मग प्रश्न आला जीपसारखाच: गाडी कुणी किती वापरली? प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेला होता. बसताना नाव सांगायचं, यंत्र ते वेळेसकट टिपून घेई. उठताना पुन्हा टिपून घेई. म्हणजे लॉगमध्ये आत आणि लॉगमधून बाहेर. लॉगिन हा हुकूम या यंत्रावर होता आणि सोबत पासवर्डही होता.

पासवर्डाची पहिली चोरी कशासाठी झाली, हेही पाहण्यासारखं आहे. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत, ते पुरत नसत. 1962 साली त्यानं सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच यंत्राकडून छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केलं. पुढे त्यानं स्वतःच हे सांगून टाकलं. त्याला कुणाची गुपितं नको होती. त्याला वेळ हवा होता, आणि वेळेचा हिशेब वहीत होता.

29 ऑक्टोबर 1969, रात्रीचे साडेदहा. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार्ली क्लाइन हा विद्यार्थी टंकयंत्रासमोर बसलाय. सुमारे 560 किलोमीटरवर स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत बिल डुव्हाल फोन कानाला लावून दुसऱ्या संगणकापाशी आहे. आज ज्याला इंटरनेट म्हणतो, त्याच्या पूर्वजावरून पहिला संदेश जायचा आहे. क्लाइनला लांबच्या संगणकावर लॉगिन करायचं आहे, म्हणून तो तोच शब्द टाइप करतो. एल पोचलं. ओ पोचलं. जी दाबलं आणि पलीकडचं यंत्र कोसळलं. दुरुस्तीला तासभर लागला, मग अख्खा शब्द गेला. त्या रात्रीचा पुरावा म्हणून आज काय दाखवतात? हातानं लिहिलेली एक वही. साडेदहाची वेळ, स्टॅनफर्डच्या यंत्राशी बोलणं झाल्याची एक ओळ आणि क्लाइनची आद्याक्षरं. यंत्र कोसळल्याचा त्या ओळीत उल्लेख नाही. नेटवर्कवरून पाठवायचा पहिला शब्द लॉगिन, तो अर्ध्यात अडकला, आणि त्याची नोंद झाली ती लॉगबुकात. कथेत कुणी लिहिलं असतं तर संपादकानं ओढूनताणून म्हणून परत पाठवलं असतं.

ब्लॉगचं थोडक्यात उरकतो. जॉर्न बार्गर यानं 1997 साली, वेबवर वाचलेलं टिपून ठेवायच्या आपल्या पानाला वेबलॉग म्हटलं. 1999मध्ये पीटर मेरहोल्झनं गंमत म्हणून तो शब्द चुकीच्या जागी तोडला, वी आणि ब्लॉग असा. तोडलेली जागा तशीच राहिली. ब्लॉगमधला ब ही वेबची शेपटी आहे, बाकीची फळी. मराठीत त्यासाठी अनुदिनी हा गोड शब्द निघाला आणि अर्थानं तो जहाजाच्या वहीच्या फार जवळचा आहे. तरी लोकांनी ब्लॉगच ठेवला.

लॉगिनचं मराठी मात्र मला खटकतं. सरकारी संकेतस्थळांवर ‘प्रवेश करा’ असं बटण असतं. प्रवेश म्हटलं की डोळ्यांपुढे दार येतं, कडीकुलूप येतं. पासवर्ड ही कडी आहे, हे खरं. पण लॉगिन या शब्दात दार कुठेच नाही. त्यात वही आहे. अमुक माणूस, अमुक वाजता, अमुक यंत्रावरून आला, हे लिहून घेणं म्हणजे लॉगिन. आपण बँकेच्या ॲपमध्ये शिरतो तेव्हा पलीकडे नेमकं हेच लिहिलं जातं आणि त्या फायलीला आजही लॉग असंच म्हणतात. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन वही पुढे करतो, तेव्हा तुम्ही जे करता ते लॉगिन. हजेरी हा शब्द त्याच्या जास्त जवळचा होता, पण ती वेळ आता गेली. लॉगिन इतका रुजलाय की तो तसाच राहू द्यावा.

नॉटबद्दल मात्र वेळ गेलेली नाही. वारा 34 नॉटांना पोचला की हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं, 48 नॉटांना तीव्र चक्रीवादळ. 3 जून 2020 रोजी अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलेलं निसर्ग या दुसऱ्या प्रकारातलं होतं. वादळ आलं की बातम्यांत ‘ताशी 40 नॉट’ हमखास छापून येतं. बातमी लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती, की त्यातला ‘ताशी’ काढून टाका. एक नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर. तास त्या गाठीतच बांधलेला आहे.